चौथ्या बोटाचा पंख

सोमवार, २ ऑगस्ट १९४८. जालना

सकाळी सात वाजता पुढच्या खोलीत कौसाला मुलगी झाली. मीच सोडवली. चार वर्षांपूर्वी जनाना दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता कुणाची नाळ कापायची नाही. पण हल्ली रस्त्यावर टांगा मिळत नाही आणि दवाखान्याच्या फाटकाशी बंदूकवाले बसतात. ठरवण्याला काय अर्थ.

मूल पुऱ्या दिवसांचं. रडणं खणखणीत. उजवा हात ठीक. डावा —

डावा हात असा: अनामिका दुसऱ्या बोटांच्या जवळजवळ दुप्पट. करंगळी तिच्यातच विरघळलेली. आणि त्या लांब बोटापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा. खिडकीसमोर धरला तर उजेड आरपार. बत्तीस वर्षांत चिकटलेली बोटं पुष्कळ पाहिली. असा हात नाही पाहिला.

कौसाची सासू सरूबाई गरम पाणी घेऊन आली. हात पाहिला. पातेलं खाली ठेवलं, हातावर फडकं टाकलं, बाहेर गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, ३ ऑगस्ट

हे लोक टेंभुर्णीचे. दीड महिन्यापूर्वी माझ्या दारात गाडी सोडली. कौसाचा नवरा नामदेव याने चावडीसमोर खाकीवाल्या रझाकारांच्या म्होरक्याला तोंडावर उलट उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी याच्या कडब्याची गंज पेटली. जीव घेऊन निघाले. कौसाची आई कधीकाळी माझ्या हाताखाली बाळंत झाली होती, एवढ्या ओळखीवर माझ्याकडे. मी नाही म्हणू शकले नाही. एकटीला घर मोठं वाटू लागलं होतं, हेही खरं.

नामदेव दिवसभर आतल्या खोलीत. बाहेर शहाबादी फरशीवर बूट वाजले की उठून भिंतीला पाठ लावतो.

आज तिघांपैकी कुणी मुलीला मांडीवर घेतलं नाही. पाजायला तेवढं कौसाने घेतलं, तेही डोळे मिटून.

गुरुवार, ५ ऑगस्ट

शब्द निघाला एकदाचा. सरूबाई अंगणात, शेजारणीला: "वाघूळ जल्मलं. आदीचे दोन गेले ते बरे व्हते, मानसावानी तरी व्हते."

कौसाची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. मी सरूबाईला आत बोलावून चांगलं सुनावलं. म्हटलं, पाच-सहा वर्षांची झाली की दवाखान्यात कातडी सोडवता येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला भ्या वाटत न्हाई."

मला भ्या वाटत नाही! सोमवारपासून तिचं फडकं बदलताना मी दुसरीकडे बघते. पण ते तिला कोण सांगतंय.

दुपारी आठवलं. असा हात मी पाहिला आहे. जिवंत नव्हे. पुस्तकात.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

ट्रंकेच्या तळाशी मिळालं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधलं, पाठ फाटलेलं, सिस्टर अ‍ॅग्नेसने जाताना दिलेलं. वडील रेल्वेत तारबाबू. मी नवव्या वर्षी विधवा. वडिलांनी केस न कापता शाळेत घातलं, त्यावर सगळ्या नातलगांनी आमचं पाणी तोडलं. असो.

चित्र आहे तसंच आहे. टेरोडॅक्टिल. सिस्टर आमच्याकडून घोकून घ्यायची: टेरॉन म्हणजे पंख, डॅक्टिलोस म्हणजे बोट. ग्रीक. पंख-बोट. पाखरू नव्हे, वटवाघूळ नव्हे. सरड्याच्या गोतातला उडणारा प्राणी, मनुष्य जन्मायच्या फार आधी संपलेला. सबंध पंख हाताच्या एका बोटावर ताणलेला. चौथ्या.

चौथं म्हणजे अनामिका. आपल्याकडे त्या बोटाला नावच नाही, आणि तिकडे त्या एका बोटावरून अख्ख्या प्राण्याला नाव.

सिस्टर आणखी एक सांगायची, ते मला नावापेक्षा जास्त आवडायचं. जर्मनीत खाणीतून दगड निघाला, त्यात हाडं. एका राजाच्या संग्रहालयातल्या विद्वानाने दगड हातात घेऊन, जवळून, भिंग लावून पाहिला आणि सांगितलं की हा समुद्रातला प्राणी, ही लांब हाडं म्हणजे पोहायची वल्ही. पुढे एका फ्रेंच पंडिताने दगड न बघता, नुसतं चित्र बघून सांगितलं की हा उडत होता. आणि नाव ठेवलं. "ज्याच्या हातात होतं त्याला दिसलं नाही, गर्ल्स," असं म्हणून सिस्टर फळ्यावर खडू आपटायची.

शनिवार, ७ ऑगस्ट

सहावा दिवस. आज सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणून पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सरूबाईने दिवा लावला, पाटा मांडला, कागद-लेखणी ठेवली नाही. "काय लिवायचं ते हातावर लिवूनच धाडलंय," म्हणाली.

मी सटवाई मानत नाही. तरी संध्याकाळी माझं फाउंटन पेन आणि वहीचा कागद नेऊन ठेवला. कौसाने पाहिलं. करीमाबी आली होती, तीही पाहून हसली. करीमाबी दवाखान्यात वीस वर्षं माझी आया होती, मागच्या गल्लीत राहते, माझी चूक काढायची संधी सोडत नाही. "बाईसाब, तुम तो नहीं मानते थे ये सब."

म्हटलं, मानत नाही, पण जागा मोकळी कशाला ठेवायची.

सोमवार, ९ ऑगस्ट

दुपारी सरूबाई नळावर गेली तेव्हा कौसाला चित्र दाखवलं. सगळं सांगितलं. पंख, बोट, दगड, वल्ही, फ्रेंच पंडित. तिला अक्षरओळख नाही, पण ऐकत होती. चित्रावर बोट ठेवून ठेवून पाहिलं. मग मुलीचा हात फडक्यातून काढला आणि चित्राशेजारी धरला. पहिल्यांदा.

"बाई, ह्ये उडायचं खरं?"

"खरं."

"आन् ह्येला बी माय आसंल."

"असेल की."

"ती भ्याली न्हाई आसंल. तिचा हात बी तसलाच व्हता ना."

मी पुस्तक तिच्याच मांडीवर राहू दिलं.

मंगळवार, १० ऑगस्ट

माझा मूर्खपणा. वाटलं, सुनेला समजलं तर सासूला का समजणार नाही. पुस्तक सरूबाईपुढे उघडून ठेवलं. पाहिलं मात्र, हात जोडून मागे सरली. भिंतीपर्यंत.

"म्हंजी हाय ह्ये! छापलंय! मला वाटलं माझंच मन घाबरून राह्यलं."

"अहो, लाखो वर्षांपूर्वी मेलं ते."

"मेलं म्हंता आन् घरात ठिवता?"

मी इतकी वर्षं नवशिक्या नर्सना शिकवलं. छापलेलं दाखवलं की भीती जाते असं समजत आले. हिची छापल्यामुळे खरी झाली. आता ती मुलीच्या खोलीत जातच नाही. दारातून टक लावून बघते. ते बघणं मला रात्री आठवतं.

आज दुपारी विमान गेलं, खूप खालून. सरूबाईने आधी आभाळाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

बारावा दिवस. बारसं नाही.

सकाळी कौसाला रडताना ऐकून पुढे गेले. सरूबाईने मुलीला सुपात घातलं होतं आणि निघाली होती मागच्या उकिरड्याकडे. मी आडवी आले. नामदेव म्हणाला, "बाई, मारून टाकायला न्हाई. वाचवायलाच हाय. आमच्या घरची रीत हाय."

रीत अशी. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने मूल उकिरड्यावर टाकायचं. दुसऱ्या बाईने, जिचं हे घर नव्हे तिने, उचलायचं. मग आईने मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. म्हणजे मूल टाकाऊ ठरतं, कुणाची नजर पडत नाही, कपाळावरचं लिहिलेलं पुसतं. कोंड्या, केरू, उकिर्डा अशी नावं दवाखान्याच्या रजिस्टरात मी स्वतः लिहिली आहेत. त्यांच्यामागे कोणती रीत असते हे विचारलं नव्हतं कधी.

"उचलायचं कोनी?" सरूबाई. "गावात आपलं कोन हाय? बाई, तुमीच उचला."

तोवर सूप उकिरड्यावर ठेवलंही होतं, कोंबडी मुलीच्या पायाशी टोचत होती. मी धावत गेले आणि उचललं. रीत म्हणून नव्हे. कोंबडी म्हणून.

कौसा पुढे आली, ओंजळीत ज्वारीचा कोंडा. "घ्या बाई, आन् माझी लेक मला द्या."

आणि मी, मोठी शहाणी, सगळ्यांसमोर म्हणाले: "मी मुलांचा बाजार मांडत नाही. कोंडा ने तो शेळीला घाल." मुलगी तिच्या हातात कोंबली आणि तरातरा घरात आले. फार बरं वाटलं. फार.

तास-दीड तासाने करीमाबी आली. कपाळाला हात. "ये क्या करे बाईसाब? कोंडा नक्को बोले तो बच्ची तुम्हारी हो गई ना! अब वो लोगां उसको अपनी कैसा बोलना?"

मी हसले. मग पुढे जाऊन पाहिलं. मुलगी माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाळण्याविना घोंगडीवर ठेवलेली. त्यांची खोली बंद.

शनिवार, १४ ऑगस्ट

सकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, आणा तो कोंडा, घेते. (लाज वाटली. लिहून ठेवते.)

सरूबाई: "येळ गेली. सूर्य डोक्यावर यायच्या आत घ्यायचा आसतो. आता सव्वा महिन्यानं, आईच्या हातानं."

"तोपर्यंत?"

"तवर तुमची."

कौसा पाजायला येते. पाजते आणि परत ठेवते, दुसऱ्याचं मूल ठेवावं तसं. जाताना मागे वळून पाहते.

नाव मी ठेवणार नाही. नाव ठेवलं की मालकी झाली.

बुधवार, १८ ऑगस्ट

नामदेवचं नाव खाकीवाल्यांच्या यादीत आहे. बातमी पक्की, स्टेशनवरच्या हमालाने सांगितली. शुक्रवारी जाणार. आडवाटेने, सरकीच्या पोत्यांखाली, निजामाची हद्द ओलांडून देऊळगाव राजाला. नामदेवचा भाऊ तिथे आहे.

म्हटलं, मुलीचं काय? सव्वा महिना कुठे झाला?

सरूबाईने दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "कौसा लई रडून राह्यली. नेऊ म्हन्ते. तुमी रीत मोडून कोंडा घेनार आसाल तर नेऊ. पन गाडीत रडली तर सगळे मरू." आणि कनवटीची डबी काढून दाखवली. अफू. "थोडी चाटवली की गप ऱ्हाती. माझ्या सात लेकरायला देल्ली."

"किती?"

"बोटावर बसंल इतकी."

कुणाच्या बोटावर? सोळा दिवसांचं मूल! अफू चाटवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती रडत नाहीत हे खरं. दवाखान्यात आणतात तेव्हा ओठ निळे आणि श्वास मोजायला घड्याळ धरून बसावं लागतं. सगळंच काही मुद्दाम नसतं. त्या आज्या काही खुनी नसतात. पण सरूबाईची दारातून बघणारी नजर आणि ती डबी एकत्र आली की मी उठून मुलीचा श्वास तपासते.

ती चुकून जास्त देईल, की —

पुढे लिहीत नाही.

शुक्रवार, २० ऑगस्ट

गेले.

सकाळी उजाडता कौसा मागच्या दाराने आली. एकटी. ओंजळीत कोंडा. "बाई, सासूबाई म्हनल्या, रीत मोडली तरी चालतं. घ्या. मी नेते तिला. मी गाडीत छातीशी धरीन, रडू देनार न्हाई."

मी विचारलं, "अफू देऊ देणार नाहीस?"

तिने कोंड्याची ओंजळ घट्ट मिटली. काय बोलणार. गाडीत पुढे नवरा, शेजारी सासू, रस्त्यात बंदुका. तिचं कोण ऐकणार. आणि मूल रडल्यावर तिला स्वतःलाच वाटलं तर, की द्यावी?

मी कोंडा घेतला नाही.

म्हणाले, "वेळ गेली. सव्वा महिन्यानं, आईच्या हातानं. तुमचीच रीत."

तेरा तारखेला घेतला नाही तो तोऱ्याने. आज समजून-उमजून. ज्या रितीला हसले तिच्याच आड उभी राहिले, सरूबाईचेच शब्द तोंडात घेऊन. कौसाने माझ्याकडे जे पाहिलं ते सिस्टर अ‍ॅग्नेसच्या फळ्यासारखं पुसता येणार नाही.

मग तिने एक केलं. पदराची कड फाडली. चुलीशेजारच्या वाटीत हळद कालवली, मुलीचा डावा हात त्यात बुडवला आणि त्या चिंधीवर दाबला. नीट, बोटं पसरवून, पडद्यासकट. वाळेपर्यंत फुंकर घातली. चिंधी घडी करून चोळीत ठेवली.

"चित्र," एवढंच म्हणाली.

गाडी गेली. मूल सकाळभर झोपलेलं. एका हाताला हळद.

शनिवार, २१ ऑगस्ट

बोळ्याने शेळीचं दूध. ओकली. पुन्हा दिलं, पुन्हा ओकली. त्रेसष्ट वर्षांची बाई आणि एकोणीस दिवसांचं मूल, दोघीही रडतोय. दुपारी करीमाबी सुनेला घेऊन आली. झुबेदा. तिचा मुलगा पाच महिन्यांचा. काही न विचारता बसली, पदर घेतला, पाजलं. मुलीने पंखाचा हात तिच्या छातीवर पसरून ठेवला. झुबेदा दचकली. पण सोडलं नाही.

म्हणाली, "ठंडा है हात. बस."

मुसलमान बाईचं दूध प्यायली हे सरूबाईला कळलं तर मुलगी कायमची माझी. हे विचार माझे आहेत याची शरम वाटते. इतका मोठा धोका आणि मला त्यात आधार वाटला.

रविवार, २९ ऑगस्ट

आले. तीन जण, खाकी, दोघांकडे बंदुका. भरदुपारी. नामदेव कुठे?

"इथे मी राहते."

खोल्या पाहिल्या, ट्रंक उपसली. एकाला ओळखलं. पायाळू जन्मला होता, माझ्या हातावर, सगळी दुपार झगडले होते त्याच्यासाठी. म्हटलं, "पायाने जगात आलास तो असा दुसऱ्यांच्या ट्रंकेत पाय घालायला का रे?" तो लाल झाला. जीभच काय ती माझी भीत नाही, बाकी सगळं भितं.

"ये बच्ची किसकी?"

करीमाबी मांडी घालून बसली होती, झुबेदा तिच्याआड. करीमाबी हलली नाही. "मेरी बहू की. और किसकी? इनकी होगी क्या, इस उमर में?"

"नाम?"

करीमाबी अडली. मी म्हणाले, "पंखी." कुठून आलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

एकाने बंदुकीच्या टोकाने फडकं उचललं. मुलगी जागी झाली, आळस दिला, डावा हात उघडला. सबंध. दारातून ऊन येत होतं, पडद्यातून लाल दिसलं.

तो मोठा दाढीवाला गडी दोन पावलं मागे. "या अल्लाह." बाकीचे त्याच्या मागून. पायाळूने जाताना दार लावून घेतलं.

ज्या हाताला ती सगळी भ्याली, आम्ही चौघी आज त्याच हाताच्या आड बसलो होतो.

ते गेल्यावर मी दाराला कडी घालून तिथेच बसले. करीमाबीने पाठ चोळली. "अब तो नाम रख दिए बाईसाब. अब?"

गुरुवार, १६ सप्टेंबर

तीन दिवस विमानं. लांबून धडधड. आज हिंदुस्थानचं लष्कर आलं म्हणतात, स्टेशनकडून. लोक रस्त्यावर, गुलाल. खाकीवाले कुठे गेले कुणाला माहीत. मी खिडकी उघडली. अडीच महिन्यांनी.

पंखी विमानाच्या आवाजाला रडत नाही. दार आपटलं की रडते.

शनिवार, १८ सप्टेंबर

खिडकी पुन्हा बंद. आता भीतीने गल्ली बदलली आहे. मागच्या गल्लीत दारं फोडतायत. करीमाबी, झुबेदा, तिचं मूल माझ्या आतल्या खोलीत, नामदेव उभा राहायचा त्याच भिंतीला पाठ लावून. करीमाबीचा मुलगा दोन दिवस घरी आलेला नाही. झुबेदाचं दूध आटत चाललंय. भीतीने आटतं, हे मी दवाखान्यात शेकडो बायकांना सांगितलं आहे. तिला सांगितलं नाही.

आज माझ्या ओळखीचे लोक लाठ्या घेऊन दारात आले. आमचे. "बाई, आत कोणी आहे का त्यांच्यातलं?"

"आत बाळंतीण आहे. पाय धुऊन या, मग बघा."

गेले. मला वाटलं होतं, आपल्या लोकांना खोटं सांगताना जास्त भीती वाटेल. तेवढीच वाटली.

रविवार, २६ सप्टेंबर

सव्वा महिना होऊन गेला. कुणी आलं नाही. हद्द मोकळी आहे, रस्ता चालू आहे. काय झालं असेल? गाडी पोहोचली का? की सरकीच्या पोत्यांखालीच —

रोज सकाळी फाटकाचा आवाज झाला की मी आधी पंखीला उचलते, मग बघते कोण आहे. देण्यासाठी उचलते की लपवण्यासाठी, हे मला ठाऊक नाही.

करीमाबीचा मुलगा आला. डोक्याला पट्टी, बोलत नाही, पण आला.

रविवार, ३ ऑक्टोबर

संध्याकाळी पाचला नामदेव. वाळलाय. बैल नवे. आत आला तेव्हा झुबेदा पंखीला पाजत होती. झाकायला वेळ मिळाला नाही. तो बघत राहिला. झुबेदाने डोळे मिटून घेतले. मी मध्ये उभी.

मग त्याने डोक्याचं पागोटं काढलं, हातात धरलं आणि खाली बघत म्हणाला, "आईला सांगनार न्हाई."

पाणी दिलं. सगळे जिवंत. कौसाला ताप येऊन गेला, आता बरी. टेंभुर्णीला परत आलेत, छप्पर घालतायत.

"ती का नाही आली?"

"येऊन राह्यली व्हती. आईनं गाडीत बसू देल्लं न्हाई. वाटंत पुन्ना काय झालं तर, म्हनली."

मग कमरेची चिंधी सोडली. पुरचुंडी. उघडली, आत मूठभर कोंडा. चिंधी पदराची. हळदीचा हात त्यावर, धुतलेला नाही.

"आईच्या हातानं पाहिजे, तुमच्या रितीत."

"तिच्याच हातानं बांदलाय, बाई. मी सोडलासुदिक न्हाई, आत्ताच सोडला."

"आणि काय म्हणाली?"

तो आठवत राहिला. "म्हनली, बाईला म्हनावं, चित्र पाहून वळखनाऱ्यानं वळखलं व्हतं. मला त्याचं कायबी कळलं न्हाई. तुमाला कळंल म्हनली."

कळलं.

मी विचारलं, "अफूची डबी?"

त्याने खिशावर हात ठेवला. "आईनं देल्ली. वाटंत रडली तर म्हनून."

"ती इथे टेबलावर ठेव."

"आईनं इचारलं तर काय सांगू?"

ठेवली नाही. काढलीही नाही. हात खिशावरच. पायरीवर झोपलाय. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं म्हणतो.

सोमवार, ४ ऑक्टोबर

तो बैलांना पाणी दाखवतोय. करीमाबी पंखीची फडकी घडी करतेय, झुबेदा पाजतेय, नेहमीपेक्षा जास्त वेळ. कोंडा टेबलावर, चिंधीत. तिसऱ्यांदा समोर आलाय. पहिल्यांदा मी गर्वाने नाकारला, दुसऱ्यांदा भीतीने. तिसरं कारण माझ्याकडे एकच उरलंय आणि ते या वहीतही लिहिणार नाही.

नामदेवला हाक मारली, म्हटलं, डबी दाखव. आणली. उघडली. भरलेली आहे. गेल्या वेळेइतकीच. म्हणजे तेव्हापासून कुणाला दिलेली नाही, की नवी भरली? विचारलं तर म्हणतो, "मला काय म्हाईत, बाई." डोळ्याला डोळा देऊन म्हणाला. ही पोरं लहानपणीच चांगलं खोटं बोलायला शिकतात, किंवा शिकतच नाहीत.

म्हटलं, मी गाडीत बसते. टेंभुर्णीपर्यंत. मांडीवर मी घेते. कोंडा कौसाच्या समोर, तिच्या हातून घेईन.

तो गोंधळला. "आई काय म्हनंल?"

"मला म्हणू दे की."

बोलले खरं. त्रेसष्ट वर्षं, कंबर धरलेली, आणि तिकडे ती म्हातारी दारात उभी. तिला बघून मी पंखीला खाली ठेवेन की घट्ट धरेन, सांगता येत नाही.

निघण्याआधी कोंडा बाजूला काढून चिंधी पसरली. पंखीचा डावा हात त्या हळदीच्या हातावर ठेवून पाहिला.

चौथं बोट ठशाच्या बाहेर आलंय.

नामदेव गाडी जुंपतोय.